तुम्ही विचारलंत म्हणून: बाण ओढून गणित येतं का?

"मॅडम, परीक्षेत तर कागद-पेनच असणार. मग मुलांना मोबाईलवर बाण ओढायला कशाला लावता?"

पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. स्टाफरूममध्येही येतो, जरा सौम्य शब्दांत. परवा एका मुलाच्या वडिलांनी तो फार आपुलकीने विचारला, आणि नेमकी घंटा झाल्यामुळे माझं उत्तर अर्ध्यावर राहिलं. ते इथे पूर्ण करते.

मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवते. तुम्ही ज्याबद्दल विचारता ते जिओजेब्रा, गणिताच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात आपल्या प्रबंधासाठी ते करायला घेतलं. शिकण्या-शिकवण्यासाठी ते मोफत आहे, साध्या फोनवर चालतं, आणि त्यात काढलेली आकृती बोटाने ओढता येते. माझ्या दृष्टीने सगळी किंमत या शेवटच्या गोष्टीला आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पुष्कळ मुलं माझ्याकडे येतात. अकरावीत 'व्हेक्टर' हा शब्द त्यांच्यासमोर येतो आणि त्यातून त्यांना काहीच कळत नाही. मी फळ्यावर 'सदिश' लिहिते. स-दिश, दिशेसह असलेली राशी. शब्दानेच निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं मात्र अवघड असतं, कारण फळ्यावरचा बाण जागचा हलत नाही. मुलांची समजूत होते की बाण जिथे काढला तिथलाच तो. तीच लांबी, तीच दिशा घेऊन दुसरीकडे काढला तरी तो तोच सदिश, हे त्यांना पटत नाही.

जिओजेब्रात याची सुरुवात अगदी टाइप करण्यापासून होते. कॅपिटल ए लिहून पुढे (३, ४) दिलं तर बिंदू उमटतो. स्मॉल ए लिहून तेच दिलं तर बाण उमटतो. आकडे तेच, वस्तू वेगळी. वर्गात हे करून दाखवलं की दोन मिनिटं शांतता असते आणि मग कुणीतरी विचारतं, "मग (३, ४) म्हणजे नक्की काय?" त्या प्रश्नासाठी मी पूर्ण तास द्यायला तयार असते.

माझा नियम एकच: आधी वहीत लिहा, मग बोट लावा. काय होईल याचा अंदाज पेनाने लिहिल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. हा नियम नसेल तर तुमची शंका शंभर टक्के खरी आहे. मुलं बाण फिरवत बसतात, आणि तास संपतो तेव्हा हातात काही नसतं. पहिल्या वर्षी माझ्याकडून हेच झालं होतं.

आमच्या गावचंच उदाहरण घेते. कृष्णेच्या एका काठाला सांगली, समोर सांगलवाडी. पात्र २०० मीटर मानू, होडीचा वेग ताशी ४ किलोमीटर, प्रवाहाचा ३. होडीचं नाक समोरच्या काठाकडे सरळ धरलं तर प्रत्यक्ष वेग किती? निम्मा वर्ग ७ लिहितो. दोन्ही बाण एकापुढे एक जोडले की तिसरा ५ लांबीचा निघतो, तिरका. इथवर फळाही पुरतो.

मग मी विचारते, पाऊस झाला, प्रवाहाचा वेग वाढला, तर पलीकडे पोचायला वेळ किती लागेल? जवळजवळ सगळे लिहितात, जास्त. प्रवाहाच्या वेगासाठी एक स्लायडर केलेला असतो, तो मुलं सरकवतात. होडी खाली खाली वाहत जाते, पण वेळ ३ मिनिटांवरून ढळत नाही. प्रवाहाचा बाण काठाला समांतर आहे, नदी ओलांडण्याच्या कामात त्याचा वाटा शून्य. सदिशाचे घटक पाडणं म्हणजे काय, एक बाण दोन दिशांत कसा वाटायचा, हे मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी त्या न हलणाऱ्या ३ इतकं ते लख्ख झालं नसतं.

आणि बरोबर समोरच उतरायचं असेल तर? प्रवाहाचा बाण काढायचा, त्याच्या टोकाभोवती ४ त्रिज्येचं वर्तुळ. होडीचा बाण या वर्तुळावर कुठेही टेकू शकतो. सरळ पलीकडे जाणारी रेषा वर्तुळाला जिथे छेदते, तिथे उत्तर. नाक प्रवाहाच्या उलट बाजूला सुमारे ४९ अंश वळवावं लागतं आणि वेळ साडेचार मिनिटांवर जातो. आता स्लायडर ४ वर न्या. वर्तुळ रेषेला जेमतेम टेकतं, तेही जिथून निघालो त्याच बिंदूत. होडी सगळा जोर लावून जागच्या जागी. ५ वर नेलं की वर्तुळ रेषेपासून सुटतं. समोर उतरणं अशक्य. हे सूत्रातूनही निघतं, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. पण ऋण संख्या आली की मुलं आपलं गणित चुकलं समजून खोडून टाकतात. वर्तुळ सुटताना पाहिलेलं मूल ती खोडत नाही.

बारावीत खरी अडचण येते ती ए बिंदूपासून बी बिंदूपर्यंतचा सदिश लिहिताना, एबी = बी वजा ए इथे. निम्मी मुलं उलटं लिहितात, ए वजा बी. पाठ करून घेतलं तर दोन आठवडे टिकतं. म्हणून मी अक्ष लपवते, कोऱ्या पडद्यावर ओ नावाचा साधा बिंदू घेते आणि तिथून ए आणि बीकडे बाण काढायला लावते. हे त्यांचे स्थिती सदिश. मग सांगते, ओ ओढा. पुस्तकातला आरंभबिंदू कधीच हलत नाही, त्यामुळे मुलं आधी बिचकतात. ओ हलतो, दोन्ही बाण लांबतात, आखडतात, फिरतात. एबी जागचा हलत नाही. कुठूनही बघा, एपासून बीपर्यंतची वाट तीच. ओपासून एकडे जा, तिथून बीकडे, म्हणजे ओबी झालं; म्हणून एबी म्हणजे ओबी वजा ओए. आता वजाबाकी कुणी उलटी लिहीत नाही, निदान लिहिली तर स्वतःची स्वतः पकडतात.

या साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मूळ सेटिंगमध्ये ते दोनच दशांश स्थळं दाखवतं, म्हणून वर्गमूळ ७ च्या जागी मुलं २.६५ लिहून मोकळी होतात. बोटाने जुळवलेला ९० अंशाचा कोन खरा ९० असेलच असं नाही. आणि पाहणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की समांतरभुज चौकोन होतो. पिएर वारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाचं हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर १७३१ साली छापलं गेलं. मुलं चौकोन वाटेल तसा ओढतात, आत दुमडतात, बाजू एकमेकींवरून नेतात, तरी आतला समांतरभुज मोडत नाही. पन्नास आकृत्या पाहून झाल्या की मी फोन उलटे ठेवायला सांगते. एक्कावन्नावी कशावरून मोडणार नाही? त्याचं उत्तर वहीतच मिळतं: समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच कर्णाच्या निम्म्या, दिशेसकट. दोन ओळींची सिद्धता. पण ती लिहायची ओढ मुलांना आधी झालेल्या त्या ओढाताणीतून लागलेली असते.

घरी कॉम्प्युटर नाही म्हणून काळजी करू नका. ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. फोनही नसेल तर ट्रेसिंग पेपरवर बाण काढून तो वहीवर सरकवा, पहिल्या चार तासांचं काम त्यावर होतं.

आणि परीक्षेतल्या कागदाचं म्हणाल, तर गेल्या सहामाहीचा एक पेपर मला आठवतो. एका मुलीने बी वजा ए बरोबर लिहिलं होतं. शेजारी समासात आकृती होती, आणि तिच्यात आरंभबिंदू दोन. एक पेनाने काढलेला, दुसरा जरा लांब, पेन्सिलने अगदी फिकट, तिथून ए आणि बीकडे तुटक रेषा. फोन जवळ नव्हता. ओ तिने मनातच ओढून पाहिला होता.