कपाटातली की

शनिवारी दुपारी एका जुन्या क्लायंटच्या मालकांचा फोन. त्यांच्या अ‍ॅडमिनची बॅग लोकलमध्ये चोरीला गेली होती. लॅपटॉप आणि मोबाइल, दोन्ही त्यातच. सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, चालते. होस्टिंग पॅनेलचा ओटीपी त्याच मोबाइलवर. लॅपटॉपमधल्या कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, होती, पण तिची ओळख सर्व्हरवरून पुसायलाच हवी होती, आणि त्यासाठी आधी आत शिरायला हवं!

बॅकअप की होती. अकाउंट्सच्या ताईंच्या कपाटात, चेकबुकांशेजारी, सीलबंद पाकिटात पेनड्राइव्ह. 2018 ची, आरएसए प्रकारची की. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर पुट्टीत, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली, तर उत्तर आलं, 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की', सर्व्हरने की नाकारली.

"म्हणजे गेलं ना सगळं?" मालक म्हणाले.

मी त्यांना पुट्टीचं व्हर्जन वाचायला सांगितलं. 0.70. तिथेच उलगडा झाला. सर्व्हर मधल्या काळात उबुंटू 22.04 या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेलेला. सर्व्हरवर लॉगिन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये 8.8 पासून, म्हणजे 2021 पासून, आरएसए कीने लॉगिनच्या वेळी केलेली जुन्या एसएचए-1 पद्धतीची सही डीफॉल्टने नाकारली जाते. की ठणठणीत होती, सही करणारं सॉफ्टवेअर म्हातारं झालं होतं. पुट्टीला एसएचए-2 या नव्या पद्धतीची सही 0.75 पासून जमते. नवी पुट्टी उतरवली, त्याच कीने आत. बॅकअप की जपून ठेवणारे खूप भेटतात. सहा महिन्यांतून एकदा तिने लॉगिन करून पाहणारे मात्र विरळा.

मग ऑथराइज्ड कीजची फाइल, म्हणजे सर्व्हरवरची परवानगी असलेल्या कीजची यादी, उघडली. चोरीला गेलेल्या कीची ओळ आधी उडवली. नोकरी सोडून गेलेल्यांच्याही ओळी होत्याच, त्याही गेल्या. एका ओळीला मात्र नावच नव्हतं. "काढून टाका हो," मालक. मी थांबलो. एसएसएच-कीजेन या टूलने त्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे छोटी ओळखखूण, काढला आणि ऑथ लॉगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या नोंदींत, शोधला: रोज रात्री दोनला लॉगिन, एकाच आयपीवरून. त्यांच्या डेटाबेसचा बॅकअप नेणारी स्क्रिप्ट निघाली. ओळीशेवटी तसं लिहून ठेवलं.

अ‍ॅडमिनसाठी आता यूएसबीवाल्या हार्डवेअर की, म्हणजे गुप्त की आतच ठेवणारी छोटी उपकरणं, सुचवल्या, ओपनएसएसएच 8.2 पासून चालतात. दोन घ्या, दोन्ही नोंदवू, एक कपाटात राहील, म्हटलं.

"एकच घेऊन तिची कॉपी नाही का काढता येणार?"

नाही काढता येत, म्हणून तर घ्यायच्या. सोमवारी दोन मागवल्या.