पाजणे

मंगळवार, रात्री पावणेअकरा

नाना झोपले. जेवणापासून एकच क्रियापद डोक्यात घोळतंय. लिहून काढल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

रात्रीचं पातळ औषध द्यायला गेले, तर उशीखाली श्रीखंडाच्या गोळ्यांचे चार कागद. हात थरथरतो म्हणून नानांना झाकणातलं औषध स्वतः घेता येत नाही. मी एका हाताने मान सावरते, दुसऱ्या हाताने झाकण ओठांना लावते. आजही तसंच लावलं आणि बोलायला लागले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ९.४ आली होती, पायाची जखम दीड महिना भरत नव्हती, या वयात जिभेवर ताबा हवा, सगळं घर तुमच्यासाठी झटतंय. एकही वाक्य खोटं नव्हतं. औषध गिळून झाल्यावर नाना म्हणाले, “एका वेळी दोन-दोन डोस नको गं पाजूस.”

चिडून नाही म्हणाले, थकून म्हणाले. म्हणूनच लागलं.

उपदेशाचे डोस पाजणे. जन्मभर मराठी शिकवलं, हा वाक्प्रचार कितीदा वाक्यात उपयोग करायला दिला, पण त्यातल्या ‘पाजणे’कडे कधी नीट बघितलं नव्हतं. प्रयोजक क्रियापद शिकवताना फळ्यावर ठरलेली जोडी असायची: बाळ दूध पिते, आई बाळाला दूध पाजते. पिणारा एक, करवून घेणारा दुसरा. त्या उदाहरणात बाळाच्या जागी मी कधी मोठं माणूस घातलं नाही. घातलं असतं तर वाक्य वाचतानाच कसंसं झालं असतं.

‘उपदेश’ हा मूळचा किती मोठा शब्द! आजी म्हणायची, “मी महाराजांचा उपदेश घेतलाय.” म्हणजे गुरूकडून मंत्र घेतला. त्यासाठी ती स्वतःच्या पायांनी गेली होती, हात जोडून मागितला होता. तिथे क्रियापद ‘घेणे’. ‘उपदेश करणे’ म्हटलं की बोलणारा पुढे येतो. ऐकणाऱ्याने घेतला की नाही, ते वाक्याला ठाऊक नसतं. आणि ‘पाजणे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हातातला पेलाच काढून घेतला.

बाकीचे शब्द एवढे बोचत नाहीत. पुराण लावणे, प्रवचन झोडणे, अक्कल पाजळणे, या सगळ्यांत चित्र बोलणाऱ्याचं आहे. तो बोलत राहतो, आपण चप्पल घालून निघू शकतो. पाजताना मात्र समोरचा मांडीवर असतो. त्याला उठता येत नाही. नानांना तर खरंच उठता येत नाही, आणि त्यांची मान माझ्या हातात होती.

मग बाळकडू आठवलं. तिथेही पाजणेच, पण “तिला वाचनाचं बाळकडू घरातच मिळालं” हे कौतुकाने म्हणतात. असं का? मला आईची सहाण दिसते. माझ्या धाकट्या भावासाठी ती गुटी उगाळायची. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, प्रत्येकाचे वेढे ठरलेले. ओठ हलवत मोजायची, आणि मध्ये कुणी बोललं तर हाताने थांब म्हणायची. जायफळाचा वेढा चुकून जास्त झाला तर सहाण धुऊन पुन्हा पहिल्यापासून. (माझ्या लेकीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, मी ते पाळलं, आणि ते बरोबरच होतं.) पण ते मोजणं विसरता येत नाही. एवढ्याशा जिवाच्या पोटात जायचंय, तर एक वेढाही जास्त नको. मी मघाशी बोलताना काय मोजलं होतं? जखमेची गोष्ट पुरेशी होती. ‘सगळं घर झटतंय’ हे औषध नव्हतंच, तो माझा शीण होता. तोही मी त्याच झाकणातून दिला.

दहाच्या सुमारास नानांनी पाणी मागितलं. मी त्यांना टेकून बसवलं, फुलपात्र अर्धंच भरलं आणि त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचा घेऊन शेजारी बसले. तोंडापर्यंत न्यायला बराच वेळ लागला. दोनदा फुलपात्र दातांवर वाजलं, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, उरलेलं ते प्यायले.

सदरा बदलताना खिशात पाचवी गोळी लागली, कागदासकट. मी ती नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. नाना बघत होते.

“उद्या साखर तपासायचीय ना?” त्यांनी विचारलं.

“हो, सातला. उपाशीपोटी.”

“बरं,” म्हणाले आणि कुशीवर वळले.