झाकण न उघडलेला ट्रे

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करत राहायचे असेल, तर दर ३ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि एप्रिल २०१६ पासून त्यासाठी नुसते शुल्क भरून भागत नाही. किमान ४५० तासांचे काम, ३५ तासांचे शिक्षण व त्यातले २० तास इतरांसोबत घेतलेले, कामाबद्दलचे ५ अभिप्राय, स्वतःच्या कामावर लिहिलेली ५ चिंतनपर टिपणे आणि त्या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्सबरोबर झालेली चर्चा, एवढे सगळे जमवावे लागते. आग विझवण्याचे सक्तीचे प्रशिक्षण शिक्षणाच्या तासांत धरत नाहीत, हे मला पहिल्या खेपेला फार उशिरा कळले होते. यंदा बाकीचे कागद एका रविवारी हाती लागले. अडले ते टिपणांपाशी.

माझे जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, महाराष्ट्रात झाले आणि पहिली नोकरीही तिथल्याच एका रुग्णालयात होती. तिथे चूक झाली की मेट्रन मॅडमकडून मेमो येत असे आणि त्यावर लेखी खुलासा द्यावा लागे. खुलाशाचा मजकूर सिनियर सिस्टरच सांगत: त्या पाळीत वॉर्डात रुग्ण किती होते, ड्युटीवर आम्ही किती जणी होतो, आणि शेवटी ‘यापुढे अशी चूक होणार नाही, याची हमी देते’. मी असे तीन खुलासे लिहिले आणि तिन्ही मान्य झाले. त्यांतल्या एकाही चुकीचे मूळ मला आज आठवत नाही. शेवटचे ते वाक्य मात्र तोंडपाठ आहे.

या वेळच्या टिपणासाठी मी जो प्रसंग निवडला, तो काही महिन्यांपूर्वीच्या एका सकाळचा आहे. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही लिहायचे नाही हा नियम आहे, म्हणून इथेही तपशील थोडे बदलले आहेत. एका वयस्क गृहस्थांना न्याहारीबरोबर घ्यायचे, लवकर काम करणारे इन्सुलिन मी पावणेआठच्या सुमारास दिले आणि ट्रॉली पुढच्या पलंगाकडे नेली. थोड्या वेळाने पोर्टर त्यांना एक्स-रेसाठी घेऊन गेला. ते परत आले तेव्हा कपाळावर घाम होता, सदऱ्याची कॉलर भिजली होती आणि नाव विचारल्यावर ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. ग्लुकोमीटरवर २.८ आले. इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. १८ ने गुणले की आपल्याकडचा आकडा येतो, म्हणजे साधारण ५०. इतकी वर्षे झाली तरी घाईच्या क्षणी माझे डोके आधी तो गुणाकार करते, मग घाबरते. ४ च्या खाली गेले की उपचार सुरू करायचे असतात. त्यांना गिळता येत होते, म्हणून २०० मिलिलिटर संत्र्याचा रस घोट घोट पाजला आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा ४.६ आले. मग टोस्ट दिला, डॉक्टरांना कळवले आणि घटनेचा अहवाल भरला.

टिपण मी ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८ च्या चिंतन-चक्रानुसार लिहिले: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. (गिब्ज नर्स नव्हते, शिक्षणशास्त्रातले होते, नर्सिंगने त्यांचे चक्र इतके आपलेसे केले की हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.) भावनांच्या चौकटीत ‘मला काळजी वाटली’ एवढेच लिहिले होते आणि निष्कर्षात ‘वॉर्ड व पोर्टर यांच्यातील संवाद सुधारला पाहिजे’ असे. चर्चेला बसलेल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी ते वाचले, कागद बाजूला ठेवला आणि विचारले, ‘पलंगापासून वळताना तुला काय दिसत होते?’

मला ट्रे दिसत होता. त्यावरचे प्लास्टिकचे झाकण तसेच होते, त्याच्या आत वाफ धरली होती, आणि त्यांच्या उजव्या हाताला सलाईनसाठी सुई लावून बँडेज बांधलेले होते. त्यांना ते झाकण एका हाताने निघणार नाही, हे मला तेव्हाच कळले होते. कुणीतरी मदतनीस येईल, असे गृहीत धरून मी पुढे गेले, कारण औषधांची फेरी नऊच्या आत संपवायची होती. ‘ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन नाही’ हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते आणि तो नियम मी मोडला नव्हता. ताट समोर होते. म्हणजे माझे टिपण हा इंग्रजीतला खुलासाच होता.

त्या रात्री ते मराठीत पुन्हा लिहिले. भावनांच्या चौकटीत आता पोर्टरवरचा राग आला, त्या आजोबांनी हाक का मारली नाही म्हणून त्यांच्यावरचाही आला, आणि आजारी माणसावर रागावल्याची लाज आली. इंग्रजीत लिहिताना मला तयार वाक्ये सुचतात, हीच अडचण होती.

मोकळेपणाने न लिहिण्याला इथे आणखीही एक कारण आहे. एका लहान मुलाच्या मृत्यूप्रकरणी दोषी ठरलेल्या डॉ. हदिझा बावा-गार्बा यांचे प्रकरण २०१८ मध्ये गाजले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कामावर लिहिलेले चिंतन खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरले गेले अशी समजूत पसरली. ते ज्युरीपुढे पुरावा म्हणून आलेच नव्हते. भीती मात्र नर्सेसपर्यंतही पोहोचली आणि अजून पुरती गेलेली नाही. आमची टिपणे नूतनीकरणाच्या अर्जासोबत पाठवायची नसतात, ती स्वतःजवळ ठेवायची असतात, हे सांगूनही अनेक जणी गुळगुळीतच लिहितात. मी त्यांना नावे ठेवणार नाही.

आता इन्सुलिनचे पेन हातात घेण्याआधी मी झाकण काढते, चमचा हाताशी ठेवते आणि पहिला घास तोंडात गेलेला पाहूनच पुढे सरकते. इन्सुलिनवरचे चार-पाच रुग्ण असले की फेरी दहा-पंधरा मिनिटांनी लांबते, आणि त्याबद्दल एकदा विचारणाही झाली आहे. दुसऱ्या टिपणासाठी ती विचारणाच घ्यायचे ठरवले आहे.