रागूची नोंद: या खेपेला १९८२चं प्रमाण, पांढरी वाइन आणि दूध

रागू म्हणजे इटलीतल्या बोलोन्या शहराचा खिम्याचा सॉस, पास्त्यासोबत खायचा. या खेपेला त्याचं जुनं प्रमाण जसंच्या तसं धरलं. इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ला बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रागूची जी कृती नोंदवली, ती ही: ३०० ग्रॅम बीफ, १५० ग्रॅम पांचेत्ता (मिठात मुरवलेलं डुकराच्या पोटाचं मांस), गाजर आणि सेलरी ५०-५० ग्रॅम, कांदा फक्त ३० ग्रॅम, अर्धा ग्लास पांढरी वाइन, एक ग्लास साय न काढलेलं दूध. आणि टोमॅटो? गाळलेला रस असेल तर पाच मोठे चमचे, आटवलेली घट्ट पेस्ट असेल तर २० ग्रॅम. बस्स.

२०२३मध्ये अकादमीने कृती सुधारली. बीफ ४०० ग्रॅम झालं, टोमॅटोचा रस २०० ग्रॅमवर गेला, तांबडी वाइनही चालेल असं ठरलं, दूध ऐच्छिक झालं. आजवर मी याच मापाने करत आले. आता दोन्ही खाऊन झाल्यावर माझं मत जुन्या मापाकडे झुकलंय. रागू हा मांसाचा सॉस आहे, टोमॅटोचा नव्हे, आणि हे जुन्या मापात पहिल्याच घासाला कळतं.

जुनी कृती ‘कार्तेल्ला’ मागते, म्हणजे जनावराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा स्नायू. चिवट, धागेदार, चवीला दणदणीत. कसायाकडून खिम्याच्या यंत्राच्या जाड जाळीतून एकदाच काढून घ्यावं. बारीक खिमा तासाभरात पीठ होऊन बसतो.

पांचेत्ता सुरीने बारीक करून गार पातेल्यातच टाकला आणि मंद आचेवर चरबी सुटू दिली. त्यात भाज्या, अगदी बारीक चिरलेल्या. कांद्याला रंग येऊ द्यायचा नाही, नुसता मऊ पडला पाहिजे. आपला हात सवयीने तांबूस करायला जातो, तो आवरावा लागतो.

मग आच वाढवून मांस. इथेच सगळी मेख आहे. आधी मांसाला पाणी सुटतं, ते करडं पडतं, पातेल्यातून ओला फसफस आवाज येतो. पुष्कळ जण इथेच वाइन ओततात. थांबा. पाणी आटलं की आवाज बदलतो, कोरडी तडतड सुरू होते आणि वास एकदम खरपूस होतो. पाणी आहे तोवर पातेल्याचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूसपणा त्याच्या बराच वर सुरू होतो. मूळ कृतीतही मांस तडतडेपर्यंत हलवत राहा असंच सांगितलंय. म्हणून पातेलं रुंद हवं. खोलगट भांड्यात वाफ कोंडते आणि मांस नुसतं शिजतं.

वाइन पूर्ण उडाल्यावर टोमॅटो आणि थोडं स्टॉक. झाकण किलकिलं, आच इतकी कमी की एखादाच बुडबुडा यावा. दूध मी एकदम न ओतता थोडं थोडं घातलं, आधीचं आटल्यावर पुढचं. त्याने टोमॅटो-वाइनचा आंबटपणा गोलसर होतो. मधेच सॉस फाटल्यासारखा दिसतो. काळजी नको, आटता आटता एकजीव होतो. तीन तासांनी कडेने केशरी तेल सुटलं, मांसाचे कण अख्खे राहिले आणि चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर कोरडा दिसला. मीठ-मिरी आत्ता, आधी नाही. पांचेत्ता खारट असतोच.

सोबत अंड्याच्या ताज्या ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब चपट्या पट्ट्या. बोलोन्यात रागूशी स्पॅगेटीची सोयरीक जुळवत नाहीत, आणि ते पटतं: गुळगुळीत गोल शेवयांवरून सॉस घसरून तळाशी जातो, तर हाताने लाटलेल्या खरबरीत पट्टीला तो चिकटून राहतो. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर रुंद असावी, हेही १९७२मध्ये त्याच चेंबरकडे नोंदवलेलं आहे. पट्ट्या सॉसच्या पातेल्यातच घोळवल्या, पास्त्याचं थोडं पाणी घालून, वर पार्मिजानो चीज.

उरलेला रागू दुसऱ्या दिवशी जास्तच मुरला होता. तो पालकाच्या हिरव्या लझान्यासाठी राखलाय. त्यात बेशामेल (लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस) पातळ ठेवून पाहणार आहे, आणि पुढच्या रागूला कार्तेल्ला यंत्रातून न काढता सुरीने तोडून.