लेस्टरची जेंट कंपनी: घड्याळे आणि आगीच्या घंटा

विजेवर चालणाऱ्या जुन्या घड्याळांचा विषय निघाला की बहुतेक अभ्यासक सिंक्रोनोम कंपनी आणि तिचे प्रवर्तक फ्रँक होप-जोन्स यांच्यापासून सुरुवात करतात. ते चुकीचे नाही. तरीही कारखाने, शाळा आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींपर्यंत वीजघड्याळ पोहोचवण्याचे निम्मे श्रेय इंग्लंडच्या लेस्टर शहरातील जेंट कंपनीला द्यावे लागेल, असे माझे मत आहे. जॉन टॉमस जेंट यांनी 1872 मध्ये स्थापन केलेली ही कंपनी मुळात विजेच्या घंटा आणि तत्सम उपकरणे बनवत असे. घड्याळे नंतर आली, आणि ती आली तीही घंटा बनवणाऱ्यांच्या हातून, ही गोष्ट पुढचा सगळा इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका जागी निर्माण झालेला संकेत तारेवरून शंभर जागी बिनचूक पोहोचवणे हाच या मंडळींचा मूळ धंदा होता. तो संकेत वेळेचा आहे की आगीचा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीतील पार्सन्स आणि बॉल या दोघांनी ‘पल्सिनेटिक’ या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत सिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी लाकडी पेटीत टांगलेले एक मुख्य घड्याळ असते. त्याचा लंबक एका सेकंदाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आणि प्रत्येक पूर्ण आंदोलनात पंधरा दात्यांचे एक हलके चाक एका दात्याने पुढे सरकवतो. अर्ध्या मिनिटात चाकाचा फेरा पुरा झाला की एक वजनदार तरफ सुटते, लंबकाला हलकासा रेटा देत खाली येते आणि खाली येताच विजेचे मंडल जोडते. त्या क्षणी विद्युतचुंबक तरफेला पुन्हा वर उचलून खुंटीवर बसवतो, आणि तोच विजेचा झटका इमारतीभर लावलेल्या दुय्यम घड्याळांतून फिरून त्या प्रत्येकाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलतो. पेटीजवळ उभे राहिल्यास एकोणतीस सेकंद जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि मग एकच खणखणीत ‘खट्ट’ असा आवाज होतो.

या रचनेतील मला सर्वांत आवडणारा भाग बॅटरीशी संबंधित आहे. बॅटरी अशक्त झाली की विद्युतचुंबकाला तरफ एकट्याने उचलणे जड जाते, तेव्हा परत फिरणारा लंबकच तिला उचलायला हातभार लावतो. त्यामुळे मंडल नेहमीपेक्षा अधिक काळ जोडलेले राहते, आणि या लांबलेल्या झटक्यावर एक इशाऱ्याची घंटा वाजेल अशी व्यवस्था केलेली असे. घड्याळ बंद पडण्यापूर्वी ते स्वतःच तक्रार करी, आणि बॅटरी बदलायला पुरेसा अवधी मिळे.

खोलीतल्या घड्याळासाठी ही पद्धत उत्तम होती, पण मनोऱ्यावरचे अवाढव्य काटे एका झटक्याने हलवणे शक्य नव्हते. वारा आणि बर्फ यांचा भार वेगळाच. त्यावर कंपनीने ‘वेटिंग ट्रेन’ नावाची यंत्रणा काढली. तिच्यात मनोऱ्यातच एक स्वतंत्र दणकट लंबक असतो, जो काटे थोडे घाईने चालवतो: अर्ध्या मिनिटाचे अंतर सुमारे सत्तावीस सेकंदांत कापून काटे थांबतात आणि खालच्या मुख्य घड्याळाच्या संकेताची वाट पाहतात. वाऱ्याने काटे अडले तर लंबकाचे आंदोलन कमी होते, आणि आंदोलन कमी झाले की त्याला विजेचा रेटा अधिक वेळा मिळतो. गरज वाढली तरच वीज अधिक खर्च होते, आणि त्यासाठी कोणालाही मनोरा चढावा लागत नाही.

या यंत्रणेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे लिव्हरपूलच्या मर्सी नदीकाठची रॉयल लिव्हर बिल्डिंग. तिच्या चार तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास 25 फूट, म्हणजे लंडनच्या बिग बेनच्या तबकडीपेक्षा सुमारे दोन फुटांनी अधिक. तबकडी वर चढवण्यापूर्वी कंपनीने तिचेच जेवणाचे टेबल करून चाळीसेक पाहुण्यांना मेजवानी दिली होती. जाहिरातीची ही कल्पना आजच्या कोणत्याही कंपनीला शोभावी. ही घड्याळे 22 जून 1911 रोजी, पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी सुरू करण्यात आली.

लेस्टरमधील सेंट सेव्हिअर्स रोडवरच्या ‘फॅरडे वर्क्स’ या कारखान्यात घड्याळांच्या बरोबरीने आगीच्या सूचनेची उपकरणे आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याचे भोंगेही तयार झाले. पुढे घरोघरी येणाऱ्या विजेच्या वारंवारितेवर चालणारी स्वस्त घड्याळे आणि त्यानंतर क्वार्ट्झ यांनी मुख्य घड्याळाची गरजच संपवली. आगीच्या घंटेला मात्र असा स्वस्त पर्याय नव्हता. कंपनी हळूहळू त्याच क्षेत्रात स्थिरावली, तिची मालकी बदलत गेली, आणि 2005 मध्ये तिचा तेव्हाचा मालक असलेला नोवार हा उद्योगसमूह हनीवेल या अमेरिकी कंपनीने घेतल्यावर जेंट हे नाव हनीवेलच्या छत्राखाली गेले. त्या नावाने आज विकल्या जाणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक संवेदकाला स्वतःचा पत्ता असतो, आणि तारेचा फेरा नियंत्रकापासून निघून पुन्हा नियंत्रकापाशीच येतो, त्यामुळे मध्ये एका ठिकाणी तार तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क टिकतो. जुन्या घड्याळांच्या ओळीत मात्र एक तार तुटली की सगळीच थांबत.

ती जुनी मुख्य घड्याळे अजूनही संग्राहकांकडे मिळतात आणि नीट टांगली तर चोख चालतात. जेंटच्या दुय्यम घड्याळांना साधारण 220 मिलिअँपिअरचा झटका लागतो, तर सिंक्रोनोमच्या घड्याळांना 330 चा. दोन्ही एकाच ओळीत जोडायची असतील, तर जेंटच्या वेटोळ्याला समांतर योग्य रोधक लावायला विसरू नये.