बॉडी वॉशची वही : यावेळी फक्त ‘परफ्यूम’ची ओळ

फेसाचं प्रकरण मागच्या नोंदीत आटोपलं. फेस करणारं सोडियम लॉरेथ सल्फेट, जोडीला तसंच काम करणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन आणि दाटपणासाठी चक्क मीठ. बहुतेक बाटल्यांचा सांगाडा हाच; स्वस्त-महाग हा फरक तिथे फारसा सापडत नाही. फरक असतो सुगंधात, आणि लेबलवर तो सगळा ‘परफ्यूम’ या एका शब्दात कोंबलेला असतो, म्हणून आता तिकडे मोर्चा वळवलाय.

लेबल वाचताना आधी एक टक्क्याची रेषा शोधायची. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. रेषा अर्थातच कोणी आखून देत नाही. माझी खूण फिनॉक्सीइथेनॉल. हे प्रिझर्व्हेटिव्ह युरोपच्या नियमांत एक टक्क्यापर्यंतच चालतं, आणि त्याहून जास्त ओतायचं कुणाला कारणही नसतं. त्याच्या मागे जे जे छापलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी, असं मी धरते.

आता टेबलावरची लॅव्हेंडरची बाटली घ्या. पाणी, लॉरेथ सल्फेट, बीटेन, मीठ, ग्लिसरीन, परफ्यूम, फिनॉक्सीइथेनॉल, सायट्रिक ॲसिड, लॅव्हेंडरचा अर्क, लिनालूल, लिमोनीन, हेक्झिल सिनामाल, शेवटी सीआय १७२०० आणि सीआय ४२०९० हे रंगांचे क्रमांक. पुढच्या बाजूला जांभळी शेतं क्षितिजापर्यंत, आणि अर्क बिचारा प्रिझर्व्हेटिव्हच्याही मागे! जांभळा रंगसुद्धा फुलाचा नाही, शेवटच्या त्या लाल-निळ्या जोडीचा. लिनालूल लॅव्हेंडरच्या तेलात भरपूर असतं, त्यामुळे ते दिसलं यात नवल नाही. पण हेक्झिल सिनामाल? तो जाई-मोगऱ्याच्या वळणाचा वास, परफ्यूमवाल्यांचा नेहमीचा गडी. लॅव्हेंडरशी त्याचं काही नातं नाही. ही बाटली नुसती हुंगताना मला एक गोडसर फुलांची छटा जाणवत होती, ती बहुधा याचीच.

लिनालूल, लिमोनीन अशा सुगंधी घटकांची नावं मुळात ॲलर्जीवाल्यांसाठी छापतात, आपण ती सुगंधाचा माग काढायला वापरतो. युरोपात २६ सुगंधी घटकांची यादी होती. धुऊन टाकायच्या उत्पादनात त्यातला एखादा ०.०१ टक्क्याच्या वर गेला की नाव छापणं बंधनकारक. २५० ग्रॅमच्या बाटलीत हे होतात २५ मिलिग्रॅम, म्हणजे पाण्याचा अर्धा थेंब. इतकी बारीक चाळणी असल्यामुळे यादी बरंच बोलते. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन, गवती चहात सिट्राल, गुलाबात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल, लवंगेत युजेनॉल. ‘गुलाब’ लिहिलेल्या बाटलीवर सिट्रोनेलॉल-जिरॅनिऑलपैकी एकही नाव नसेल तर मी तरी भुवया उंचावते. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर मात्र नुसतं ‘परफ्यूम’ लिहून विषय संपवलेला असतो. तिथे नाकच खरं.

जुना साठा तपासताना ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल, म्हणजेच लिलियल, या सुगंधी घटकाचं नाव दिसलं तर बाटली १ मार्च २०२२ च्या आधीच्या सूत्राची किंवा युरोपाबाहेरच्या बाजारासाठीची. त्या तारखेपासून युरोपात त्यावर बंदी आहे. आणि लिमोनीन-लिनालूलवाल्या बाटल्या वर्षानुवर्षं उघड्या ठेवू नका. हवा लागून त्यांचं जे होतं ते मूळ रेणूपेक्षा त्वचेला जास्त त्रासदायक.

व्हॅनिलाचं थोडक्यात : त्याच्या वासाचा मुख्य घटक असलेल्या व्हॅनिलिनने द्रव हळूहळू तपकिरी पडतो. कॅरमेल रंगाची बाटली दिसली की कंपनीने ते तपकिरीपण झाकायचं शहाणपण आधीच केलंय असं समजा.

खरी पंचाईत चंदनाची. चंदनाच्या तेलातला मुख्य सुगंधी घटक सँटालॉल त्या २६ मध्ये नव्हतंच, त्यामुळे अस्सल तेल घाला नाहीतर कृत्रिम चंदन, लेबल दोन्हींबद्दल तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं. दिवाळीत येणाऱ्या ‘उटणं’ वासाच्या बाटल्यांचंही तेच. वाळा, नागरमोथा, गव्हला कचरा, आंबेहळद ही नावं पुढे मोठ्या अक्षरांत, मागे अर्क रेषेखाली, आणि वास सगळा ‘परफ्यूम’ या एका शब्दात. शंभर रुपयांच्या आसपासच्या बाटलीत वासापुरतं खरं चंदनतेल असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण लेबलवरून ते सिद्ध करता येत नव्हतं.

२०२३ मध्ये युरोपने यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली. नव्या उत्पादनांना ३१ जुलै २०२६ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना ३१ जुलै २०२८ पर्यंतची मुदत. तीत सँटालॉल आहे, चंदनाचं तेल आहे, आणि ट्रायमिथाइलसायक्लोपेंटेनिल मिथाइलआयसोपेंटेनॉल हे लांबलचक नावाचं कृत्रिम चंदनही आहे. म्हणजे अस्सल आणि नक्कल निदान कागदावर वेगळी करता येईल. वहीत त्यासाठी दोन रकाने आखून ठेवलेत, सध्या दोन्ही रिकामे. युरोपात राहणाऱ्या मंडळींपैकी कुणाला नव्या यादीप्रमाणे छापलेली चंदनाची बाटली दिसली, तर मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढची बाजू नको.