गुरुजी एकटेच आले होते

चार वर्षांपूर्वी वडील गेले. आई आधीच गेली होती. नेवासे तालुक्यात मुळा कालव्याचं पाणी मिळणारी आमची अडीच एकर जमीन, आणि वारस दोघंच: मी आणि माझी धाकटी बहीण. मी तिला तालुक्याला नेलं. "सातबाऱ्यावर नावं लावायची तर इथे सही लागते," असं सांगितलं. ते हक्कसोडपत्र होतं. तिने वाचलं नाही, कारण सांगणारा मी होतो. परतताना मी तिला उसाचा रस पाजला.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे ख्रिस्ती मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लग्न करून दिलं, सोनं घातलं, दोन बाळंतपणं केली, आता आणखी काय, असं मी मनाला सांगत राहिलो. आपल्या ख्रिस्ती घरांतही हे इतकं सर्रास बोललं जातं की त्यात पाप आहे असं कुणाला वाटतच नाही. मी दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेत होतो.

गेल्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एका मंगळवारी संध्याकाळी, गुरुजी आले. निवृत्त शिक्षक; लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांनीच मला शिकवलं. मेहुण्यांचं आजारपण चालू होतं, बहीण गुरुजींकडे प्रार्थनेसाठी गेली होती आणि बोलता बोलता सहीची गोष्ट निघाली. गुरुजींना ती बुधवारच्या प्रार्थना सभेत मांडता आली असती. आपल्याकडे असं फार होतं, आणि त्याची मला चीड आहे. "अमक्या भावासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात जमिनीचा प्रश्न आहे" असं म्हटलं की रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळतं, फक्त त्या भावाशी कुणी बोललेलं नसतं. बायबलमध्ये मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने जा, दोघंच असताना दोष दाखव. साक्षीदार त्यानंतर, मंडळी त्याच्याही नंतर.

गुरुजींनी आधी स्वतःचं सांगितलं. वडिलांच्या घरावरून ते सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलले नव्हते. "तो गेला तेव्हा मी पोचायच्या आत पेटी बंद झाली होती," म्हणाले. कुसळ काढायला आलेला माणूस आधी आपलं मुसळ दाखवतो, हे मी प्रथमच पाहत होतो. मग त्यांनी सरळ विचारलं, "बहिणीची सही तू काय सांगून घेतलीस?"

मी चिडलो. आमच्या घरातल्या गोष्टीशी तुमचा काय संबंध, असं बोलून गेलो.

"तू माझ्यापुढे बसून दहा आज्ञा पाठ केल्यास. माझा संबंध नाही, असं मी देवाला कसं सांगू?"

ते गेले. पुढच्या मंगळवारी पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. दोन्ही वेळा एकटेच. जमिनीचा विषय त्यांनी काढला नाही. चहा घेतला, प्रार्थना केली, गेले. तिसऱ्या मंगळवारी त्यांची सायकल दारातून बाहेर पडायच्या आत मला रडू फुटलं.

ते परत फिरले. मला जवळ घेतलं. पण रडणं थांबल्यावर म्हणाले, "आता जक्कय वाच." लूकच्या 19व्या अध्यायातला जकातदार. तो रडला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला, एवढंच आहे. आपल्या पश्चात्ताप या शब्दात ताप आहे, म्हणून जीव पोळला की काम झालं असं आपण धरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणं असा आहे. माझं मन पालटलं का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात दिसणार होतं.

त्याआधी बहिणीला सांगायचं होतं. तेवढं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. गुरुजी सोबत आले, पण अंगणातच बसले. तिला सही कशाची होती हे पुरतं कळलं तेव्हा तिने एकच विचारलं, "रस पाजलास तेव्हा तुला ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली.

मुद्रांक शुल्क भरून 50 गुंठ्यांचं बक्षीसपत्र केलं, फेरफाराला टाकलं, 15 दिवसांची नोटीस लागली. तोवरच्या उत्पन्नातला तिचा अर्धा वाटा काढला आणि बायबलच्या लेवीय पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यावर पाचवा हिस्सा घातला. चौपटीची माझी ऐपत नव्हती. ट्रॅक्टर विकला.

हे चालू असताना प्रभुभोजनाचा रविवार आला. मत्तयाच्या 5व्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. मी बाकावरच बसून राहिलो. रांग पुढे सरकत होती. गुरुजी उठलेच नाहीत, माझ्या शेजारी बसून राहिले.

बहीण नाताळला आली. जेवताना मी काही बोलत नव्हतो, तशी म्हणाली, "दादा, बोल ना. पण त्या दिवशीसारखं गोड नको बोलूस."